क्वार्टर सी-४७ मधून जप्त केलेला पोळ्यांचा डबा दत्तजयंतीपूर्वी परत मिळणेबाबत

दिनांक : २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. निवास अधिकारी (श्री. सुयश मोकाशी),
कर्मचारी वसाहत विभाग,
अखिल भारतीय दाबमापक महामंडळ,
फरीदाबाद.

विषय : कीर्तनाच्या सरावासाठी घरी तयार केलेले, पोळ्यांच्या डब्यात बसवलेले, पाच हेडफोनांचे यंत्र परत मिळणेबाबत (अर्ज तिसरा).

संदर्भ : १) आपली नोटीस दि. ४ ऑगस्ट (क्वार्टरमधून आवाज येतो म्हणून).
२) आपली नोटीस दि. १४ नोव्हेंबर (क्वार्टरमधून आवाज येत नाही म्हणून).
३) माझे अर्ज दि. १५ व १८ नोव्हेंबर.
४) आपले पत्र दि. २१ नोव्हेंबर.

महोदय,

१. हा अर्ज मराठीत का, ते आधी सांगते. पहिला अर्ज मी हिंदीत केला. तो आपल्या लिपिकाने घेतला आणि त्यावर ‘नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल’ असा शिक्का मारून प्रत मला परत दिली. दुसरा इंग्रजीत केला. त्यावरही तोच शिक्का, फक्त जरा तिरका. दोन्हींपैकी एकही आपल्या टेबलापर्यंत पोचलेला नाही, हे आपल्या दि. २१ च्या पत्रावरून उघड आहे; कारण ते अर्ज वाचलेला माणूस असे पत्र लिहिणार नाही, आणि वाचूनही लिहीत असेल तर त्याला काय म्हणावे हे सेवानियमांत बसत नाही. आपल्या विभागात मराठी वाचता येणारे आपण एकटे. आपण मूळचे साताऱ्याचे, हे गणपतीच्या वर्गणीच्या वेळी आपणच अभिमानाने सांगितले होते. सबब हा अर्ज आपणांस स्वतःच वाचावा लागेल, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत. गैरसोयीबद्दल क्षमस्व, असे लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहिले.

२. मी महामंडळाच्या मापतपासणी विभागात एकतीस वर्षे वरिष्ठ तंत्रज्ञ आहे. माझ्या क्वार्टरमध्ये दर गुरुवारी सायंकाळी साडेसहा ते आठ कीर्तनाचा सराव होतो. माणसे चार. कीर्तनकार श्री. शांतारामबुवा आठल्ये, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षक, हे आर. के. पुरमहून मेट्रोने येतात. तबल्याला साकेत, गुरुग्रामच्या एका कंपनीत नोकरीला. पेटीला अक्षता, लातूरकडची मुलगी, दिल्लीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आणि बुवांना आजोबा म्हणते. झांजा व मागून ध्रुपद धरणे माझ्याकडे. यात धंदा कोणता, हे ज्याला दिसते त्याच्या नजरेला माझा दंडवत.

३. ऑगस्टमध्ये आपली पहिली नोटीस आली : ‘सदर क्वार्टरमधून वाद्यांचा व सामूहिक गायनाचा ध्वनी बाहेर येतो, तो तात्काळ बंद करावा.’ वसाहतीत लग्नाचा बँड फाटकापासून सी-ब्लॉकपर्यंत नाचत येतो तेव्हा ती नोटीस कोणत्या कपाटात असते, हे मी विचारले नाही. नोटीस आली, मी पाळली. सरकारी माणूस आहे मी. आवाज बाहेर जाऊ नये तर तो आतच फिरवायचा, एवढाच प्रश्न होता, आणि आयुष्यभर मी दाब आतच ठेवण्याचे काम केले आहे.

४. व्यवस्था अशी केली. आपण ती समजून घ्यावी अशी अपेक्षा नाही, पण फाइलला असावी. लाजपतराय मार्केटमधून माइकचे आवाज एकत्र करणारा एक जुना, सहा वाटांचा छोटा मिक्सर आणला. त्याच्या एका कोपऱ्याला चहा सांडल्याचा डाग होता, म्हणून दुकानदाराने तो जवळजवळ भंगाराच्या भावात दिला. पेटीवर गोधडी घातली आणि गोधडीच्या आत माइक. तबल्यावर मलमलीचे दुहेरी फडके, आणि पुडीच्या कडेला चिकटवलेली, रुपयाएवढी एक चकती, जी ठोका कानांनी नाही, अंगाने ऐकते. झांजांना साकेतचे जुने लोकरी मोजे. सगळ्यांनी गायचे ते माइकजवळ, देवघरात पुटपुटतो तेवढ्याच आवाजात.

पण मिक्सरला हेडफोनची खोबण एकच असते, आणि कान इथे दहा, आमचे आठ व श्रोत्याचे दोन. म्हणून मी स्वतः डाख देऊन, म्हणजे सोल्डरने तारा जोडून, एक वाटप-यंत्र बनवले : पाच खोबणी, प्रत्येकीला दोन बटणे, एक ‘सगळे’ आणि एक ‘मी’. ज्याला स्वतःचे जास्त ऐकायचे त्याने ते वाढवावे. (साकेतचे ‘मी’ कायम शेवटपर्यंत पिळलेले असते. तो तबलजी आहे, चालायचेच.) यंत्राला धातूचे आवरण लागते, नाहीतर बाहेरचा विजेचा गोंधळ आत शिरतो. बाजारात त्यासाठी मिळणाऱ्या पेट्या महाग होत्या. घरात सासूबाईंच्या वेळचा स्टीलचा पोळ्यांचा डबा होता. त्याला भोके पाडली. एवढीच त्या डब्याची हकीकत.

५. आता बुवांचे. बुवांनी सहा वर्षे कीर्तन केले नव्हते. त्यांना वरचे सूर ऐकू येत नाहीत. समोरासमोर बोललेले कळते, पण पेटीची धार कळत नाही, मग गाताना सूर हळूहळू घसरतो आणि त्यांचा त्यांना पत्ता लागत नाही. सहा वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात असा घसरला तेव्हा पहिल्या रांगेत कोणी तरी हसले. त्यांनी त्याच जागी, अभंग पुरा करून, झांज खाली ठेवली. कानात घालायची यंत्रे त्यांनी दोन पाहिली. त्यांतून माणसे ऐकू येतात, पेटी मात्र घसा बसल्यासारखी वाटते. मी त्यांचा कानतपासणीचा तक्ता मागून घेतला आणि त्यांच्या कानाला जे-जे कमी पडते ते-ते त्यांच्या खोबणीत वाढवले. त्याला ऑगस्ट अखेरपासून नऊ गुरुवार लागले. नवव्या गुरुवारी त्यांनी हेडफोन लावला, अक्षताने षड्ज धरला, आणि बुवा म्हणाले, “अगं, ही अजून अशीच वाजते होय?” त्यानंतर त्या दिवशी सराव झाला नाही. अक्षता रडत होती आणि साकेत उगाचच तबल्याची गादी सारखी करत होता.

त्यांच्या दोन बटणांची ती जागा मी कुंकवाच्या ठिपक्यांनी डब्यावर नोंदवली आहे. तसा डबा दुकानात मिळत नाही. मिळत असता तर मी आपणांस तीन अर्ज केले नसते. आपल्याशी पत्रव्यवहार करण्यापेक्षा खरेदी मला नेहमीच सोपी वाटली आहे.

यातच एक तांत्रिक बाब. डब्यात विजेची एक बारीक गुणगुण उरली होती. ती माझ्या पेशाला लाज आणणारी, म्हणून मी एका गुरुवारी ती पूर्ण घालवली, तर बुवा पहिल्याच ओवीला भरकटले. चौकशीअंती कळले की ते त्या गुणगुणीलाच तंबोरा समजून तिच्यावर सूर लावत होते. खालचे त्यांना स्वच्छ ऐकू येते, आणि ती पेटीच्या पांढरी पाच पट्टीच्या, म्हणजे बुवांच्या षड्जाच्या, अगदी जवळ होती. मी ती परत आणून ठेवली. एकतीस वर्षांत मी मुद्दाम ठेवलेला हा एकच दोष.

६. दि. १३ नोव्हेंबर, गुरुवार. वसाहत पर्यवेक्षक श्री. नरेश भाटी सायंकाळी सव्वासात वाजता आमच्या दारात आले. त्यांनी तीनदा घंटी वाजवली असे अहवालात आहे. वाजवली असेल. आमच्या कानांवर हेडफोन होते आणि ते आपल्याच नोटिशीने बसवलेले होते. दार लोटलेले होते, गुरुवारी ते लोटलेलेच असते. ते आत आले.

इथे आमच्याकडून एक चूक झाली, ती मी लेखी कबूल करते. आम्ही त्यांना श्रोता समजलो. कीर्तनात उशिरा आलेल्याला तू कोण, कुठला, काम काय, असे कोणी विचारत नाही; सरकून जागा देतात. बुवांनी आख्यान न थांबवता मला डोळ्यांनी खूण केली, मी सतरंजीवर जागा केली आणि पाचवा हेडफोन श्री. भाटींच्या डोक्यावर चढवला. पाचवी खोबण श्रोत्याचीच आहे. श्रोता आलेला नसला तरी त्याचा हेडफोन समोर मांडल्याशिवाय बुवा सरावालासुद्धा उभे राहत नाहीत.

श्री. भाटी बसले. बूट काढून बसले, ही त्यांच्या बाजूची नोंद. नवा श्रोता मराठी नाही हे बुवांनी चेहऱ्यावरून ताडले आणि ओवी संपताच आख्यान हिंदीत वळवले. बेचाळीस वर्षे दिल्लीच्या पोरांना शिकवलेला माणूस आहे. श्री. भाटी एकूण एकेचाळीस मिनिटे बसले. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिली आहे आणि ते घड्याळ मी स्वतः तपासते. पंधराव्या मिनिटाला त्यांनी माझ्याकडे झुकून सांगितले, “ताई, तबला थोड़ा कम कीजिए, बाबा को बढ़ाइए.” मी तसे केले. त्यांचे म्हणणे बरोबरच होते. साकेत ऑफिसचा राग तबल्यावर काढतो. गूळ-शेंगदाण्याचा प्रसाद त्यांनी दोनदा घेतला.

आख्यान एका नावाड्याचे होते. नदीला पूर, शेवटची खेप, नाव मध्यधारेत. नावेच्या तळातून पाणी आत येते आहे. ते फक्त एका बहिऱ्या म्हातारीला पायांना कळले आहे, आणि नावेतले सगळे तिला ‘तू गप्प बस, तुला काय ऐकू येतं’ म्हणत आहेत. या ठिकाणी श्री. भाटींचा फोन खिशात थरथरला. तो आपल्या कार्यालयाचा होता. ते उभे राहिले, आपण पर्यवेक्षक असल्याचे त्यांना आठवले, आणि त्यांनी डब्याची वायर ओढली. बुवांचा हात तसाच वर राहिला. त्यांच्या कानात एकदम काहीच उरले नव्हते.

७. श्री. भाटींच्या अहवालाचा गोषवारा मी मराठीत देते, कारण आपण तो वाचला असता तर त्यावर सही केली नसती, असे मानण्याचा मोठेपणा माझ्याकडे अजून शिल्लक आहे. ‘क्वार्टरमध्ये कोणताही ध्वनी आढळला नाही. चार व्यक्ती कानांना तारा लावून जमिनीवर बसल्या अथवा उभ्या होत्या व ओठ हलवत होत्या. एक वयस्क पुरुष उभा राहून हातवारे करीत होता, तो त्यांचा व्यवस्थापक असावा. यंत्रातून संशयास्पद गुणगुण येत होती. सबब क्वार्टरमध्ये विनापरवाना कॉल सेंटर चालत असल्याचा दाट संशय आहे. खाद्यपदार्थाच्या भांड्यात दडवलेले दूरसंचार यंत्र, नग एक, जप्त.’

एकेचाळीस मिनिटांचा त्यात उल्लेख नाही. पाचव्या हेडफोनचा नाही. तबला कमी करण्याबाबतच्या सूचनेचा नाही. गुळाचा तर नाहीच. गुणगुण मात्र आहे, म्हणजे ऐकू सगळे येत होते. आणि महोदय, कॉल सेंटर काढायचेच तर मी फोनवरचे ऐकू न येणारा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस व्यवस्थापक नेमीन, इतकी मूर्ख मला ठरवताना आपल्या विभागाने निदान माझी सेवापुस्तिका उघडून पाहायची होती.

८. आपले दि. २१ चे पत्र मी तीनदा वाचले. आपल्या मागण्या अशा : (क) सदर वेळी गायनच चालू होते याचा पुरावा म्हणून, ते ऐकलेल्या किमान दोन शेजाऱ्यांचे लेखी निवेदन द्यावे. (ख) जप्त यंत्राविना, समितीसमोर, क्वार्टरमध्येच गायनाचे प्रात्यक्षिक करावे. (ग) तोवर यंत्र अभिरक्षेत राहील.

म्हणजे मी पहिली नोटीस मोडल्याचा पुरावा आणला तर दुसऱ्या नोटिशीतून सुटेन. आणि तो मिळाला नाही तर मी पहिली नोटीस पाळल्याबद्दल दोषी. आमच्या विभागात एखादा दाबमापक असे वागला तर त्याला आम्ही लाल चिठ्ठी लावून भंगारात टाकतो. त्याला वसाहत सोपवत नाही.

तरी मी गेले शेजाऱ्यांकडे. आज्ञाधारक आहे. खालच्या मजल्यावरच्या श्रीमती कोहलींनी मला बसवले, चहा दिला आणि म्हणाल्या, “बहनजी, हमने तो तीन महीने से कुछ नहीं सुना, भगवान आपका भला करे.” हेच त्यांनी लिहूनही दिले आहे. सोबत जोडले आहे. हे कोणत्या नोटिशीच्या फाइलला लावायचे ते आपण ठरवावे. आपल्या विभागाला एवढे तरी ठरवता येईल अशी आशा बाळगते.

प्रात्यक्षिकाबाबत : डब्याविना बुवांना समितीसमोर उभे करणार नाही. त्यांचा सूर घसरेल आणि समितीतले कोणीतरी हसेल. एकदा हसून झाले आहे. या बाबतीत माझ्यावर जी कारवाई करायची ती खुशाल करावी.

९. दि. ४ डिसेंबरला दत्तजयंती. आर. के. पुरमच्या मंडळाच्या सभागृहात बुवांचे कीर्तन ठरले आहे, सहा वर्षांनी पहिले. सभागृहात लोकांसाठी लाउडस्पीकर असतील. डबा लागतो तो बुवांच्या कानांसाठी. मध्ये सरावाचा गुरुवार एकच आहे, येत्या २७ तारखेचा. जाहीर झालेले कीर्तन रद्द कसे करावे, हे बुवा मला परवा फोनवर विचारत होते. म्हणजे ते बोलत होते. माझे उत्तर त्यांना ऐकू येत नव्हते, म्हणून मी ते मोठ्याने तीनदा सांगितले, वसाहतीच्या नियमांचा भंग करून. उत्तर ‘नाही’ असे होते.

१०. शेवटी एक प्रसंग, जो मी हिंदी व इंग्रजी अर्जांत लिहिला नव्हता, कारण तेव्हा तो घडला नव्हता. शनिवारी सकाळी मी भाजी घेऊन येत असताना फाटकाजवळ श्री. भाटी भेटले. इकडेतिकडे पाहिले, जवळ आले आणि हळू आवाजात विचारले, “ताई, वो नाव का क्या हुआ?”

मी म्हणाले, “ऑफिस में अर्ज़ी दीजिए. नियमानुसार कार्यवाही होगी.” आणि पुढे गेले. मला बरे वाटले, हे मी लपवत नाही.

हे मी बुवांना सांगायला रविवारी आर. के. पुरमला गेले. वाटले होते, हसतील. ते माझ्यावर रागावले, आणि बुवा रागावलेले मी बावीस वर्षांत पाहिले नव्हते. म्हणाले, “भानुमतीबाई, श्रोत्याला पाण्यात सोडून घरी जायचं नसतं. त्यानं तक्रार लिहिली ती त्याची नोकरी. गोष्ट अर्धी राहिली ती माझी चूक. दहा दिवस झाले, तो माणूस अजून नावेतच बसलाय.” मग त्यांनी विचारले की डबा नसला तरी मी त्यांना फरीदाबादला घेऊन येईन का, ते फाटकावर उभे राहून उरलेले त्याला नुसतेच सांगतील, गाणार नाहीत. गाणार नाहीत, हे त्यांनी दोनदा सांगितले.

मी आपणांस प्रामाणिकपणे कळवते की आपल्या कार्यालयाबद्दल माझे मत बदललेले नाही. पण बुवांसमोर मला मान खाली घालावी लागली, आणि त्याचे कारण आपण नव्हता, मी होते. म्हणून पुढील विनंती मी माझ्या नव्हे, त्यांच्या वतीने करते.

११. तरी, अ) डबा, बटणांना हात न लावता, गुरुवार दि. २७ नोव्हेंबर रोजी सायंकाळी साडेसहापूर्वी क्वार्टर सी-४७ मध्ये पोचवण्याचे आदेश व्हावेत. सील करताना कोणी बटणे फिरवली असल्यास घाबरू नये. कुंकवाचे ठिपके आहेत, मी जुळवीन. ब) डबा घेऊन श्री. भाटी यांनाच पाठवावे, दुसऱ्या कोणाला नाही. दार लोटलेले असेल. घंटी वाजवू नये, ऐकू येणार नाही. क) त्यांची त्या दिवशीची ड्यूटी आठपर्यंत धरावी. नाव काठाला लागायला तेवढा वेळ लागतो.

आणि आपणांस स्वतः यायचे झाल्यास, सातारकर म्हणून, तर सरकून जागा करू. नियम आहे आमच्यात. कोण, कुठला, काम काय, असे विचारणार नाही, जरी मला ते विचारायची फार इच्छा असली तरी.

आपली,
(‘नम्र’ हा शब्द मागच्या दोन अर्जांत वापरून झाला आहे)

भानुमती शंकर पाटणकर
वरिष्ठ तंत्रज्ञ, मापतपासणी विभाग
क्वार्टर सी-४७, फरीदाबाद

सोबत :
१) श्रीमती कोहली यांचे, काहीही न ऐकल्याचे निवेदन.
२) श्री. शांतारामबुवा आठल्ये यांच्या कानतपासणीच्या तक्त्याची प्रत.
३) हेडफोन, नग एक, श्रोत्याचा. डावीकडच्या उशीला गुळाचा डाग आहे, तो आमचा नव्हे. श्री. भाटी यांच्या हाती द्यावा. येताना त्यांनी सोबत आणावा.